गोंधळ कुणाच्या पदरात? अक्कांच्या एका मेलचं प्रकरण

मेल जेमतेम चार ओळींचा होता. माझ्यासमोर मोबाइल धरून अक्का म्हणाल्या, "बघा की ओ मॅडम, ह्यात मी काय वाईट लिहिलंय?"

मी वाचलं. "डिअर सर, यू आर कन्फ्यूजिंग. फर्स्ट यू टोल्ड ५०० जीएसएम, नाऊ पीओ इज शोइंग ४५०. आय हॅव डाउट इन युअर ऑर्डर. आय ॲम फ्रस्ट्रेटेड सिन्स थ्री डेज. काइंडली डू द नीडफुल." (पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर, खरेदीदाराची लेखी मागणी.)

त्याखाली ब्रिटनमधल्या खरेदीदाराचं उत्तर होतं. "आय ॲम सॉरी यू फील दॅट वे. आय हॅव कॉपिड इन माय मॅनेजर."

म्हणजे मेलची प्रत त्यानं आपल्या मॅनेजरलाही पाठवली होती. पण 'सॉरी' हा शब्द वाचून अक्कांना वाटलं, त्यानं माफी मागितली, विषय मिटला. संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावून "गिऱ्हाइकाशी भांडलात काय?" असं विचारलं, तेव्हा त्यांना धक्का बसला. त्या रात्री त्या क्लासला आल्या त्या डोळे पुसतच.

मी सोलापूरच्या पूर्व भागात घरातल्याच एका खोलीत इंग्रजी बोलायचा क्लास घेते. बहुतेक मुलं कॉलेजची. छत्तिशीच्या या बाई त्यांच्यात सगळ्यात मोठ्या, म्हणून सगळे त्यांना अक्का म्हणतात. मीही तेच म्हणते आणि इथेही तेच नाव ठेवते. घर पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातलं. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, शेजार कन्नड. बी.कॉम. झाल्यावर त्या टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाला लागल्या आणि दहा वर्षांत निर्यातीची कागदपत्रं त्यांच्याकडे आली. त्यांचं काम चोख आहे. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात मजकुराच्या बाबतीत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

हिशेब मांडून पाहा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल ०.९८ चौरस मीटर भरतो. ५०० जीएसएमला त्याचं वजन ४९० ग्रॅम, ४५० ला ४४१. फरक ४९ ग्रॅमचा. हातात घेतला तर पटकन कळणारही नाही. पण दहा हजार नगांची ऑर्डर असेल तर तोच फरक ४९० किलो सुताचा होतो. जवळजवळ अर्धा टन. सूत कोणतं घ्यायचं, किती घ्यायचं, बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, मागावर कधी चढवायचा, सगळं त्या एका आकड्यावर अडलेलं. त्यात गड्ड्याची यात्रा तोंडावर. सिद्धेश्वराच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते त्या दिवसांत कारखान्यात माणूस मिळत नाही. अक्कांनी तीन दिवस वाट पाहिली आणि मग तो मेल पाठवला.

म्हणजे प्रश्न खरा होता, घाई खरी होती, वैतागही खरा होता. चुकले ते शब्द, आणि ते का चुकले हे मला शोधायचं होतं. "व्याकरण सुधारा" असं सांगून हे प्रकरण मिटणार नाही, एवढं दिसत होतं.

'मला'पासून 'आय'पर्यंत

मी त्यांना आधी इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितलं. "काय झालं ते तुमच्या भाषेत सांगा." त्या म्हणाल्या, "मला काही कळंना झालतं. मला वैताग आला. मला टेन्शन आलं." मी विचारलं, तेलुगूत कसं म्हणाल? तिथेही 'नाकु' आलं, म्हणजे 'मला'. शेजारणीशी कन्नडमध्ये बोलताना 'ननगे', तेही 'मला'च.

इथे मुळाशी हात लागला. सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या या तिन्ही भाषांत भावना बाहेरून येते आणि माणसाला गाठते. कंटाळा येतो, राग येतो, वैताग येतो, हसू येतं. आपण चतुर्थी विभक्तीत उभे असतो, 'मला' होऊन. इंग्रजीत तसं नाही. तिथे माणूस वाक्याच्या पहिल्या जागेवर 'आय' होऊन बसतो आणि मग ठरवावं लागतं की मी भावना देणारा आहे की घेणारा. देणाऱ्याला 'इंग', घेणाऱ्याला 'एड'. आय ॲम कन्फ्यूज्ड, म्हणजे गोंधळ माझ्याकडे आला. यू आर कन्फ्यूजिंग, म्हणजे गोंधळ तुमच्यातून निघतोय. मराठीतल्या 'मला'मध्ये ही निवड करावीच लागत नाही, त्यामुळे ती करायची असते हेच आपल्या कानाला ऐकू येत नाही. वर्गातली मुलं सर्रास "आय ॲम बोअरिंग" म्हणतात. त्यांना सांगायचं असतं 'मला कंटाळा आला' आणि ते सांगून बसतात 'मी कंटाळवाणा आहे'.

दुसरी अडचण उसन्या शब्दांची. 'कन्फ्यूज होणे', 'फ्रस्ट्रेट होणे', 'बोअर होणे' हे आता मराठी शब्द झालेत. आपण ते घेतले तेव्हा त्यांची शेपटी कापली आणि पुढे 'होणे' लावलं. मी कन्फ्यूज झालो. म्हणून इंग्रजी बोलताना "आय ॲम कन्फ्यूज" असं अर्धंच निघतं. शेपटीबरोबर अर्थही थोडा सरकला. मराठीत फ्रस्ट्रेट होणं म्हणजे उदास होण्यापासून चिडण्यापर्यंत काहीही. 'टेन्शन'चं तसंच. परीक्षेचं टेन्शन, पाण्याचं टेन्शन, सासूबाई येणार त्याचं टेन्शन. इंग्रजीत या तिन्हींना वेगळे शब्द लागतील: नर्व्हस, वरीड, स्ट्रेस्ड.

आणि 'डाउट'. आपल्या वर्गात "सर, डाउट आहे" म्हणजे एक प्रश्न विचारायचाय. शाळेपासून कॉलेजपर्यंत तोच अर्थ आणि भारतभर चालतो. ब्रिटनमधल्या माणसाला मात्र 'आय हॅव डाउट इन युअर ऑर्डर' यातून ऐकू येतं की तुमच्या ऑर्डरवर माझा विश्वास नाही. या शब्दाचं लॅटिन मूळ 'दोन' या अर्थाच्या शब्दाशी नातं सांगतं, आपल्या 'दुविधा'सारखंच. अक्कांची खरोखर दुविधाच होती, ४५० की ५००. शब्द मुळात बरोबर होता. पण मुळातला अर्थ आणि आजचा कान यांत अंतर पडलंय, आणि मेल वाचणारा कानानं वाचतो.

'सिन्स थ्री डेज'ऐवजी 'फॉर थ्री डेज' हवं होतं, ती चूक किरकोळ. त्यावर कुणी रागावत नाही. 'काइंडली डू द नीडफुल' आपल्याकडच्या 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'चं भावंड आहे. आपल्या कार्यालयांत ते नम्र वाटतं, तिकडे जुनाट आणि जरा हुकमी.

खरी ठिणगी पडली ती पहिल्या तीन शब्दांनी, 'यू'नं सुरू झालेल्या वाक्यानं.

गोंधळाला जागा द्यायची कुठे

इंग्रजीत गोंधळ सांगताना शब्द कोणता वापरता याहून तो कुणाच्या पदरात घालता हे जास्त बोलतं, असं माझं मत या प्रकरणानं पक्कं झालं. जागा तीन आहेत. तुमच्या पदरात: यू आर कन्फ्यूजिंग मी. माझ्या पदरात: आय ॲम अ बिट कन्फ्यूज्ड. किंवा कागदाच्या पदरात: द टू फिगर्स डोन्ट मॅच. अक्कांच्या बाबतीत गोंधळ खरंच कागदात होता. मेल एक सांगत होता, पीओ दुसरं. तो कागदावर ठेवला असता तर कुणाला लागलं नसतं, आणि ते सत्यही होतं.

यासाठी इंग्रजीत नेमका शब्द आहे, डिस्क्रेपन्सी. दोन नोंदींचा मेळ न बसणं, तफावत. हिशेबात मुरलेल्या बाईला तो शब्द एका क्षणात आवडला. "ताळेबंद जुळंना तसं," त्या म्हणाल्या. मला वाटतं, ज्याच्या कामात जी गोष्ट रोज घडते तिचा शब्द त्याला कधी पाठ करावा लागत नाही.

मग आम्ही उरलेले शब्द घेतले. इंटरनेटवर अशा शब्दांच्या लांबलचक याद्या मिळतात आणि मुलं त्या फोनमध्ये जपून ठेवतात. मी त्या शिकवत नाही. अक्कांनाच विचारलं, तेलुगूत गोंधळाला किती शब्द आहेत? त्या विचार करून म्हणाल्या, लग्नघरात सगळे ओरडतायत, भांडी पडतायत, ते 'गंदरगोळम'. आणि आपण मध्ये उभे, काय करावं सुचत नाही, ते 'अयोमयम'. एक बाहेरचा, एक आतला. मराठीत दोन्हीला आपण 'गोंधळ' म्हणून मोकळे होतो. कन्नडमध्येही 'गोंदल'. तुळजापूर आम्हाला जवळ, घरी शुभकार्य झालं की गोंधळ घालायची रीत, त्यामुळे हा शब्द इकडे नुसता गडबडीचा नाही, देवीचाही आहे. पण इंग्रजीत जाताना बाहेरचा की आतला हे ठरवावं लागतं. बाहेरचा असेल तर मेस किंवा मिक्स-अप. आतला असेल तर कन्फ्यूज्ड, आणि चहूबाजूंनी एकदम कोसळून वाट दिसेनाशी झाली तर बिविल्डर्ड. त्या शब्दात रानात वाट चुकल्याचा भाव आहे.

पझल्ड त्यांना फार उपयोगी पडला. पझल्ड माणूस अजून हरलेला नसतो. काहीतरी जुळत नाही आणि तो विचार करतोय. 'आय ॲम पझल्ड बाय द वेट' असं लिहिणारा माणूस समंजस दिसतो. बॅफल्ड त्याच्या पुढचा, सगळं करून पाहिलं तरी उलगडत नाही तेव्हाचा. आणि परप्लेक्स्ड. हा बोलण्यात कमी, पुस्तकात जास्त. पण त्याच्या पोटात जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ विणलेलं, गुंतलेलं असा आहे, हे सांगितल्यावर अक्का एकदम गप्प झाल्या.

त्यांच्या आईनं घरच्या हातमागावर आयुष्य काढलंय. "गुंता झाला की ओढायचं नाही, असं अम्मा सांगायची," त्या म्हणाल्या. "सैल करत जायचं, टोक हाताला लागतं." बोलता बोलता त्यांनी ओढणीच्या गोंड्याचा एक गुंतलेला धागा दोन बोटांत धरून हलके हलके मोकळा केलाही. मी तेव्हा 'अ बिट', 'स्लाइटली', 'आय ॲम नॉट क्वाइट शुअर आय फॉलो' हे सौम्य करणारे शब्द शिकवत होते आणि ते का लागतात हे समजावताना माझी दमछाक होत होती. इंग्रज माणूस पूर्ण गोंधळलेला असला तरी 'अ बिट कन्फ्यूज्ड' म्हणतो, हे आपल्याकडच्या माणसाला पटत नाही. 'थोडंसं' कशाला, मला तर काहीच कळलं नाही! अम्माच्या सुतानं ते काम केलं. त्यानंतर 'अ बिट'ला त्या "सैल करायचा शब्द" म्हणायला लागल्या.

एक जुनी गोष्टही तेव्हाच बाहेर आली. काही महिन्यांपूर्वी व्हिडिओ कॉलवर त्याच खरेदीदारानं मध्येच म्हटलं होतं, "सॉरी, यू हॅव लॉस्ट मी." अक्कांनी घाबरून कॉल मालकांकडे दिला. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक हातचं गेलं. तो इतकंच म्हणत होता की तुमचं बोलणं माझ्या हातून सुटलं, जरा मागे या. त्याच माणसाचं "आय ॲम अफ्रेड आय डोन्ट फॉलो" ऐकून हा कशाला भितोय, असाही प्रश्न त्यांना पडला होता. इथे अफ्रेडमध्ये भीती नाही, नकार मऊ करण्याची ती रीत आहे. आता 'सॉरी यू फील दॅट वे' हेही त्याच घरातलं. सॉरी आहे, पण माफी नाही. तुम्हाला असं वाटतं ही तुमची गोष्ट, एवढं सांगून बोलणाऱ्यानं दार लावून घेतलेलं असतं.

वैतागाचं काय करायचं

इथे मी स्वतः अडखळले. मी मेल असा दुरुस्त करून दिला: "द पर्चेस ऑर्डर सेज ४५० जीएसएम, बट युअर ईमेल ऑफ मंडे सेज ५००. कुड यू प्लीज कन्फर्म विच इज करेक्ट? वी नीड टू ऑर्डर द यार्न बाय थर्सडे." स्वच्छ, सरळ, भावनेचा एकही शब्द नाही. मला समाधान वाटलं. अक्कांना नाही.

"मग मला जो त्रास झाला त्याचं काय?" त्या म्हणाल्या. "तीन दिवस मी मालकांची बोलणी खाल्ली. ते कुठंच येणार नाही का?"

त्यांचं बरोबर होतं. परक्या भाषेत सभ्य व्हायचं म्हणजे आपलं दुखणं पुसून टाकायचं, असं मी नकळत शिकवत होते. इंग्रजांनाही वैताग येतो आणि ते तो सांगतातही. तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, या वेळी फक्त वैतागावर.

फ्रस्ट्रेशनच्या मुळाशी लॅटिनमधला 'फ्रुस्त्रा' आहे, म्हणजे व्यर्थ, फुकट. धडपड केली आणि काहीतरी आडवं आलं, त्यातून येतो तो फ्रस्ट्रेशन. धडपडच नसेल तर तो शब्द लागू नाही. नुसती चिडचिड, तेलुगूतला 'चिराकु', तो इरिटेशन किंवा अनॉयन्स. पंख्याचा आवाज इरिटेटिंग असतो, तीन वेळा विचारून उत्तर न येणं फ्रस्ट्रेटिंग असतं. तेच तेच सोसून विटलो, बेजार झालो, की फेड अप, आणि त्यापुढे बहुतेकदा 'विथ'. एक्झॅस्परेटेड म्हणजे सहनशक्तीला चरे पडले. त्याच्या मुळात खरखरीत या अर्थाचा शब्द आहे, आणि टॉवेलच्या गावात खरखरीत म्हणजे काय हे कुणाला समजवायला नको.

मेटाकुटीला आल्यावर इंग्रज म्हणतो, ॲट द एंड ऑफ माय टेदर. टेदर म्हणजे दावं. दाव्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या टोकापर्यंत चरतं, पुढचं गवत दिसतं पण तोंड पोचत नाही. ॲट माय विट्स एंड त्याच्याच शेजारचा. बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात, १०७व्या स्तोत्रात, वादळात सापडलेल्या खलाशांसाठी तो आलाय. बुद्धी जिथे संपते ती जागा. हे दोन्ही मित्राला सांगायचे, गिऱ्हाइकाला नाहीत. आणि डिस्अपॉइंटेड दिसायला मवाळ असला तरी ब्रिटिश कार्यालयात तो वजनदार तक्रारीचा शब्द आहे. तो राखून ठेवायचा.

मग अक्कांच्या तीन दिवसांसाठी वाक्य सापडलं: "इट हॅज बीन अ फ्रस्ट्रेटिंग फ्यू डेज ॲट अवर एंड." यात माणसावर आरोप नाही आणि स्वतःचं दुखणंही लपवलेलं नाही. वैताग दिवसांच्या डोक्यावर दिलाय, आपण "दिवसच वाईट गेले" म्हणतो तसा. अक्कांनी ते वाक्य चार वेळा मोठ्यानं म्हटलं. चौथ्या वेळी त्यांचा आवाज हलका झाला होता.

सुरुवातीला आणखी एक ओळ घातली: "आय ॲम सॉरी माय लास्ट मेसेज केम अक्रॉस बॅडली." माझा निरोप चुकीच्या सुरात पोचला, याबद्दल क्षमस्व. त्यात मजकुराबद्दल माफी नाही. मालकांचं म्हणणं होतं की सरळ पाय धरावेत. अक्का ऐकल्या नाहीत, आणि मला ते मनापासून आवडलं. तफावत खरी होती, तिच्याबद्दल माफी कशाची?

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ५०० बरोबर, पीओ चुकून जुना गेला, नवा जोडलाय, आणि शेवटी "थँक्स फॉर स्पॉटिंग दिस". सूत गुरुवारीच सांगितलं गेलं.

वर्गात मी आता हे प्रकरण दर बॅचला घेते. मुलांना आधी मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये सांगायला लावते: कळत नाही, की जुळत नाही, की अडलंय? मग गोंधळ कुणाकडे आहे ते ठरवायचं. इंग्रजी शब्द शेवटी. एकोणीस-वीस वर्षांची पोरं "मॅडम, डायरेक्ट वर्ड सांगा की" म्हणतात, वेळ लागतो म्हणून कुरकुरतात. तरी मी हा क्रम सोडत नाही.

मागच्या महिन्यात अक्कांनी एक फोटो पाठवला. खरेदीदारानं लिहिलं होतं, "आय ॲम अ बिट पझल्ड बाय द कार्टन काउंट." यादीत २१० खोके आणि बिलात २०१. खाली अक्कांचं उत्तर होतं: "यू आर राइट, द इनव्हॉइस हॅज अ टायपिंग एरर. इट शुड बी २१०. करेक्टेड कॉपी अटॅच्ड." फोटोखाली मला मराठीत एकच ओळ होती. "मॅडम, त्यानं काउंटला पझल म्हटलंय, मला नाही. पाठवून झालं, मग तुम्हाला दाखवालीय."